तपासनीस पद्मक्का

पद्मक्का नव्या सोफ्यावर कधी लगेच बसल्या नाहीत. दुकानातला माणूस "बसा अम्मा, बसून तर बघा" म्हणाला की त्या त्याला हाताने थांबवायच्या. "स्वल्प थांब की. ओळख नाही पाळख नाही, लगेच काय बसायचं?" मग डावा डोळा मिटून सोफ्याभोवती एक फेरी घालायच्या, आणि तो माणूस कावराबावरा होऊन माझ्याकडे बघायचा.

सई, परवा तू टोरांटोहून तुझ्या नव्या घरासाठी बघितलेल्या सोफ्याचा फोटो पाठवलास आणि विचारलंस, "आजी, कसा वाटतो?" रंग छान आहे. त्यापलीकडे फोटोवरून मला काही सांगता येणार नाही. पण फोटो बघताना पद्मक्का आठवल्या आणि दोन दिवस डोक्यातून गेल्या नाहीत, म्हणून हे तुला आणि तुझ्या भावाला, निखिलला, लिहिते आहे. तुम्हाला त्या फार तर सुट्टीत कोडबळे देणाऱ्या खालच्या आजी म्हणून आठवत असतील.

आमच्या जयनगरच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या. त्यांच्या मराठीत निम्मा संसार कन्नडचा होता. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली. सुरुवातीला त्यांचं बोलणं मला अर्धंच कळायचं आणि माझं बोलणं त्यांना वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटायचं.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी घड्याळांच्या कारखान्यात तयार घड्याळं तपासली. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं आणि डावा मिटायचा. पुढे कारखाना बंद पडला, पण डोळा मिटायची सवय सुटली नाही. भाजीवाल्याची वांगी, धोब्याची इस्त्री, आमच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, सगळं त्या एकाच डोळ्याने बघायच्या. दोष असतोच, तो फक्त अजून सापडलेला नसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती समजूत त्यांना सुखाने झोपू देत नसे. गॅस बंद केला का हे बघायला त्या अर्ध्या जिन्यातून परत फिरायच्या, आणि बंद आहे हे बघून आल्यावरही चेहरा तसाच.

घरात आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी तपासणीवर असायची. फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत. मिक्सरवर कंपनीचा कागद. "एकदा काढलं की परत घेत नाहीत," त्या सांगायच्या. फ्रिज इतका जुना की तो परत घ्यायला ती कंपनी तरी शिल्लक होती की नाही, देव जाणे.

त्यांचे यजमान श्रीपादराव. सगळी इमारत त्यांना अण्णा म्हणायची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, लांब पायांचे, बारीक आवाजात चेष्टा करणारे. मी एकदा त्यांना विचारलं, "अण्णा, यांच्या तपासणीतून तुम्ही कसे सुटलात?"

"लग्न आधी झालं, नोकरी नंतर लागली," ते म्हणाले. "नाहीतर अजून दारात उभा असतो."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "सुटलात म्हणून कोण म्हणालं? बघतेच आहे अजून."

आमच्या हॉलमधला सोफा, ज्यावर तुम्ही दोघांनी उड्या मारल्या, तो त्यांनीच निवडलेला. त्या दिवशी बाजारातल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी काय काय केलं ते मला नीट आठवतं. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलला आणि दुसऱ्या पायाकडे बघत राहिल्या. दुसरा लगेच सोबत उठला तर सांगाडा घट्ट. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतो, आज नाही तर उद्या कुरकुरणार. मग पिशवीतून टॉर्च काढून, या वयात, सरळ फरशीवर बसल्या आणि खालचं काळं कापड वर करून आत बघितलं. सोफ्याच्या हातांवर मुठीने दाबलं. पाठीवर टकटक केलं.

"हा पुठ्ठा आहे की रे."

"इंपोर्टेड आहे अम्मा," सेल्समन म्हणाला.

"पुठ्ठा इंपोर्टेड?"

"फोम हाय डेन्सिटी आहे."

"उघडून दाखव."

"उघडता येत नाही, अम्मा."

"मग मी पण पाकीट न उघडताच पैसे देते. चालेल?"

तिसऱ्या दुकानात एक सोफा या सगळ्यातून पार पडला, तेव्हा कुठे त्या बसल्या. पिशवीतून घरचं वर्तमानपत्र काढलं आणि वाचायला लागल्या. मी संकोचून दारापाशी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने मला म्हणाल्या, "पाच मिनिटं कुठलीही गादी चांगली वागते, शालिनी. पाहुण्यासारखी. नंतर कळतं." त्यांनी पान उलटलं, थोड्या वेळाने हात न टेकता उठल्या, आणि बसल्या जागी खळगा उरला आहे का ते बघितलं. खळगा भरून आला होता. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. याहून मोठी पावती त्यांनी कशालाच दिलेली मी ऐकली नाही.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं तेजस आणि अनघा हे जोडपं राहतं. दोघंही आयटीत. त्यांनी सोफा फोनवरून मागवायचं ठरवलं तेव्हा पद्मक्का स्वतःहून जिना चढून गेल्या.

"अक्का, रिव्ह्यूज खूप चांगले आहेत," तेजस म्हणाला.

"कुणी लिहिले?"

"घेणाऱ्या लोकांनी."

"किती दिवस बसून?"

तेजसने फोनमध्ये बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "हे यांनी तर डिलिव्हरीच्याच दिवशी लिहिलंय."

"मुंजीच्या दिवशी मुलगा वेदपंडित झाला म्हणून सांगतात, तसं," पद्मक्का म्हणाल्या. शेवटी त्या दोघांनी त्यांना ऑटोत घालून दुकानात नेलं.

हे सगळं मौजेचं होतं, कारण त्यात फारसं काही अडलेलं नव्हतं. सोफा वाईट निघाला असता तर आपण वैतागलो असतो, एवढंच. नंतर अण्णांना कंपवाताने धरलं.

आधी हात थरथरायला लागला. मग चाल बारीक झाली. मग ते त्यांच्या जुन्या सोफ्यावरून उठेनासे झाले. तो सोफा बुटका आणि मऊ होता. त्यात बसलं की माणूस खाली आणि गुडघे वर. अण्णांना उठवायला दोघं लागायची. एकदा पोस्टमनला हाक मारावी लागली. त्यानंतर त्यांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. चहा बिछान्यात, पेपर बिछान्यात. डॉक्टरांनी पद्मक्कांना माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "दिवसा यांना आडवं राहू देऊ नका. उंच, टणक खुर्ची आणा, आणि स्वतःचे स्वतः उठू देत. पाय एकदा उठायचं विसरले की पुन्हा शिकवणं अवघड जातं."

दुसऱ्याच दिवशी पद्मक्का आणि मी बाहेर पडलो. त्यांच्याजवळ एक सुतळी होती, अण्णांच्या टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत मापून गाठ मारलेली. प्रत्येक खुर्चीला त्या आधी ती सुतळी लावायच्या. बसायची उंची बरोबर असली तर खोली जास्त. "पाठ टेकली तर पाय लोंबतील, पाय टेकले तर पाठ अधांतरी." खोली बरोबर असली तर हात आखूड. उठताना माणूस पुढे सरकतो, तेव्हा हातही पुढपर्यंत यायला हवेत. बटण दाबलं की मागे कलणारी आणि पुन्हा उभं करणारी विजेची खुर्ची एका दुकानदाराने मोठ्या अभिमानाने दाखवली. पद्मक्कांनी विचारलं, "करंट गेला तर?"

"थोड्या वेळात येतो ना, अम्मा."

"तोवर हे पाय वर करून देवाचं नाव घेतील?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

जयनगर झालं, बनशंकरी झालं. परतताना ऑटोत त्या पिशवी पोटाशी धरून बसायच्या. मी म्हणायची, "पद्मक्का, ती निळी खुर्ची बरी होती."

"बरी होती. हाताखाली पोकळ होतं. ह्यांचा सगळा भार हातावर येणार. हात सुटला म्हणजे?"

त्यांच्या प्रत्येक नकाराचं कारण खरं असायचं, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. कारणं खोटी असती तर भांडता आलं असतं. इकडे अण्णा आधी भिंत धरून न्हाणीघरात जायचे, ते आता पद्मक्कांचा खांदा धरून जायला लागले. मग तेही सकाळचंच. मी खाली गेले की त्यांच्या पांघरुणातून दिसणाऱ्या पावलांकडे माझं लक्ष जायचं. त्यांची मुलगी वसुधा हुबळीहून मला फोन करायची. "मावशी, आईला सांगा, मिळेल ती घे म्हणावं. बाबा उठायचे थांबतील."

मी निरोप सांगितला. पद्मक्का भडकल्या. "मिळेल ती घ्यायला मी काय कोथिंबीर आणते आहे?" मग गॅसकडे तोंड करून, वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "मी बघून आणली आणि तिच्यातनंच ते पडले, तर काय करू, शालिनी?"

शेवटी यशवंतपूरला एका गाळ्यात खुर्ची मिळाली. तो माणूस दवाखान्यांसाठी खुर्च्या बनवायचा. सांगाडा सागवानाचा, बैठक टणक, हात सरळ पुढपर्यंत आलेले, सुतळीच्या गाठीला तंतोतंत. पद्मक्कांनी पाय उचलला, टॉर्च लावला, टकटक केलं, शिवण नखाने ओढून बघितली. मग बसल्या आणि सगळं वर्तमानपत्र वाचलं, निविदांच्या जाहिरातींसकट. अण्णांच्या मापाच्या त्या खुर्चीत त्यांचे पाय जमिनीपासून वर लोंबत होते. मी मनातल्या मनात सारखी म्हणत होते, आता हो म्हणा, आता हो म्हणा. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "सरी." मला रडू आलं.

खुर्ची घरी आली. टेम्पोवाला प्लॅस्टिकचं आवरण फाडायला लागला तर पद्मक्का ओरडल्या, "बेडा, बेडा! काढू नको, राहू दे!" आवरण शाबूत असेल तर महिन्याच्या आत बदलून देऊ, असं गाळेवाला म्हणाला होता. आणि महिनाभर वापरल्याशिवाय खुर्चीचा खरा दोष कळणार कसा? प्लॅस्टिक अंगाला चिकटेल म्हणून त्यांनी त्यावर एक धुतलेली चादर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. आपल्या सगळ्यांच्याच घरात नव्या वस्तू अशाच तर राहतात.

पहिल्या दिवशी अण्णा बसले. खिडकीतून रस्ता बघितला, मला म्हणाले, "इन्स्पेक्टरीणबाईंनी सिंहासन आणलं." दुसऱ्या दिवशी दुपारी मला खालून हाक ऐकू आली. शब्द नव्हते, नुसता आवाज होता.

अण्णा खुर्चीपुढे जमिनीवर होते. उठताना त्यांनी हातांवर जोर दिला होता, आणि खालची चादर प्लॅस्टिकवरून त्यांच्यासकट घसरली होती. पद्मक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकच विचारत होत्या, "कुठं दुखतं? कुठं दुखतं हो?" तेजस त्या दिवशी घरून काम करत होता, म्हणून बरं. आम्ही तिघांनी त्यांना उचललं. दवाखान्यात फोटो काढेपर्यंत पद्मक्का बाकावर टेकल्या नाहीत. हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टर तसं म्हणाले तेव्हा मी हुश्श केलं. पण अण्णांना घरी आणून खुर्चीकडे वळवलं, तर त्यांनी तेजसचा दंड घट्ट धरला. "नको. तिथे नको." त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. ते बिछान्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पद्मक्कांनी टॉर्च आणला. खुर्ची आडवी पाडली, खालून बघितली, पाय हलवले, हात ओढले. मला वाटलं, आता ही परत जाणार, पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यांनी खुर्ची सरळ केली, चादर घालून स्वतः बसल्या आणि हातांवर जोर दिला. चादर सरकली. त्या तशाच, अर्ध्या पुढे आलेल्या, बराच वेळ बसून राहिल्या.

"खुर्चीत काही नाही, शालिनी," त्या म्हणाल्या. "खुर्ची चांगली आहे."

मग त्यांनी कात्री आणली. प्लॅस्टिक फाडलं, कोपऱ्यांचे पुठ्ठे काढले, हाताला लटकलेलं लेबल तोडलं. ते झाल्यावर त्या थांबल्या नाहीत. रिमोटची पिशवी गेली. मिक्सरवरचा कागद गेला. फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक इतकं वाळलं होतं की नखाने खरवडावं लागलं. घरभर तो चर्र चर्र आवाज. मी नुसती मागे उभी.

आतून अण्णांचा आवाज आला, "पद्मा, काय फाडते आहेस?"

"काही नाही. तुम्ही पडून राहा." आणि लगेच, घाबरल्यासारख्या, "नाही, नाही, पडून राहू नका!"

पण ते पडूनच राहिले. समजावून झालं, वसुधा येऊन रडून गेली. पद्मक्कांनी मात्र एकदाही त्यांना बसा म्हटलं नाही. त्यांनी खुर्ची ओढत त्यांच्या खोलीत, बिछान्यासमोर नेली आणि स्वतःच तिच्यात बसायला लागल्या. अवरेकाईचे दिवस होते. त्या शेंगांची टोपली मांडीवर घेऊन तिथेच दाणे सोलायच्या, तिथेच पेपर वाचायच्या, तिथेच पाय लोंबते ठेवून पेंगायच्या. अण्णा कूस बदलून बघायचे. मी रोज खाली जायची आणि कुणी काही बोलायच्या आत परत यायची. आता पाय विसरले असतील, असं रोज वाटायचं.

एका सकाळी मी तिथे असतानाच अण्णा म्हणाले, "तुझे पाय पोचत नाहीत."

"न पोचू देत," पद्मक्का सोलता सोलता म्हणाल्या.

"शोभत नाही. ऊठ. माझ्या मापाची आहे ती."

त्या उठल्या. टोपलीतले दाणे सगळीकडे सांडले, पण कुणी वेचायला वाकलं नाही. आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं आणि ते बसले. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात असे धरले की बोटांची पेरं पांढरी पडली. हळूहळू पकड सैल झाली. उठताना मात्र त्या दिवशी आमचा आधार लागला, दुसऱ्या दिवशीही लागला, आणि पुढेही किती तरी दिवस.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी मी तुमच्याकडे टोरांटोला आले. परतायच्या आत वसुधा दोघांना हुबळीला घेऊन गेली होती. पद्मक्का तिकडेच वारल्या, अण्णांच्या आधी. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

मी डबा परत द्यायला खाली गेले होते. बेल वाजवली. एरवी आतून लगेच "बंदे, बंदे" असा आवाज यायचा, येते, येते. त्या दिवशी काहीच आलं नाही. पुन्हा वाजवली. आत कुठेतरी लाकूड करकरलं. मग शांतता. मग काठी टेकल्याचा आवाज, आणि काहीतरी घासत यावं तसा दुसरा. ते पडले असतील, त्या पडल्या असतील. मी तेजसला हाक मारायला जिन्याकडे वळणार, तेवढ्यात आतून कडीशी कुणीतरी झटापट करायला लागलं. कडी निघाली, अडकली, निघाली.

दारात अण्णा उभे होते. एकटे, काठीवर. हात थरथरत होता, कपाळावर घाम होता.

"या शालिनीबाई," ते म्हणाले. "उशीर झाला का?"

त्यांच्या मागे, भिंतीला अगदी चिकटून, पद्मक्का उभ्या होत्या. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ आवाज न करता हलत होते. मी आत जायला पाऊल उचललं. आत जायचं तर अण्णांना आधी बाजूला व्हावं लागणार होतं, आणि ते अजून त्यांचं त्यांनी करायचं होतं. पद्मक्कांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत मान हलवली, थांब म्हणून. मी डबा धरून उंबऱ्याबाहेर थांबले.